आंबाडे आसत मा घरात?

लग्न होऊन मी ह्या गावात आले, त्या पहिल्या पावसाळ्यातली गोष्ट. एसटी स्टँडबाहेरच्या पारावर बसलेल्या एका काकींकडून मी तेऱ्याच्या दोन जुड्या घेतल्या. तेरां म्हणजे रानचं अळू. पानं लहान, देठ काळसर, अंगावर अजून पावसाचे थेंब. काकींनी पैसे कनवटीला लावले आणि विचारलं, "वयनी, आंबाडे आसत मा घरात?"

मी "होय" म्हटलं. आंबाडे म्हणजे आंबट चवीची फळं, ती घरात नव्हती. मला वाटलं, त्यांच्याकडे असतील आणि तेही विकायचे असतील.

त्या रात्री घरातल्या पाचही माणसांच्या घशाला खाज सुटली. सासरे ओटीवर जाऊन खाकरत बसले. धाकटा दीर रडवेला झाला. सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी बरणीतली सोलं, म्हणजे आमसुलं, काढली, प्रत्येकाच्या हातावर एकेक ठेवली आणि चोखायला सांगितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "आंबट घालूचा ऱ्हवला मा?"

अळूच्या जातीतल्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात आणि तेच घशात टोचतात, हे मी पुष्कळ उशिरा वाचलं. त्यावरचा उतारा म्हणून आंबाडे, चिंच, सोलं असं काहीतरी आंबट भाजीत पडावं लागतं, हे मात्र त्या रात्रीच शिकले. काकी मला काही विकायला पाहत नव्हत्या. त्या भाजीबरोबर तिची अर्धी पाककृती मला देत होत्या, आणि ती मी स्टँडवरच सोडून आले होते.

मी दर्यावरची. माझं माहेर वेंगुर्ल्याच्या बाजूला, समुद्राची गाज अंथरुणात ऐकू येईल इतकं जवळ. आमच्याकडे भाजी म्हणजे माशांच्या जेवणात तोंडी लावायला असलेली गोष्ट. पावसाळ्याची मात्र आईला धास्ती वाटायची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या बंदीच्या आधीही जाणत्या माणसांनी ह्या दिवसांत होडी पाण्यात घातली नाही, कारण समुद्र उधाणलेला असतो आणि मासळीचा विणीचा काळ असतो. मग सुके बांगडे, गोलमा, सुकट, कुळदाची पिठी, पेज. आई बेगमी मोजून वापरायची. पावसाळा म्हणजे हात आखडते घेण्याचे दिवस, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

सासरी आले आणि पाहते तर ह्याच दोन महिन्यांत स्वयंपाकघर सगळ्यात भरलेलं. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागला की सासूबाईंचं लक्ष स्टँडकडे. पहिला टाकळा येतो. मग कुरडू, भारंगी, शेगूल म्हणजे शेवग्याचा पाला, बांबूचे कोंब, तेरां, कुड्याच्या शेंगा. श्रावणाच्या तोंडावर फागलां, म्हणजे करटोली. दोनचार दिवस कडक ऊन आणि मग पाऊस असं झालं की अळंबी. समुद्र दार लावून घेतो त्याच दिवसांत डोंगर दार उघडतो, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळलं. तीस किलोमीटरवर राहून कळलं नव्हतं.

आमच्याकडे अंतरं अशीच आहेत. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी तीसेक किलोमीटर, सावंतवाडीहून आंबोली पुन्हा तेवढीच, आणि तेवढ्यात माणूस समुद्राच्या पातळीवरून जवळजवळ सातशे मीटर उंच जातो. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. वेंगुर्ल्याच्या बंदरातला माल ह्याच घाटाने बेळगावकडे जायचा. मीठ आणि सुकी मासळी वर चढायची, आणि वरून खाली काय काय यायचं ते माझ्या आईच्या बांगड्याच्या कढीत होतं, फक्त तिला त्याचा पत्ता माहीत नव्हता. तिरफळाशिवाय बांगडा आमच्याकडे होत नाही. ते तिरफळ आई वाण्याकडून आणायची. काटेरी खोडाच्या झाडावर चढून पावसाळ्याच्या अखेरीस हिरवे घोस काढणारा, सोलवटलेल्या हातांनी ते वाळत घालणारा माणूस आमच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. मी तो लग्नानंतर पाहिला. त्याचे हात पाहिल्यापासून मी तिरफळं मोजून घालते.

आता आमच्या रानभाज्यांच्या मेळ्याविषयी, कारण हे सगळं त्यासाठीच लिहायला बसले आहे.

गेल्या काही वर्षांत कृषी विभागाने तालुक्यातालुक्यात रानभाजी महोत्सव भरवायला सुरुवात केली. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो, साधारण त्या सुमारास. त्याचं पाहून आमच्या गावातल्या बायकांनी, बचत गट आणि शाळा मिळून, आपलाही एक मेळा सुरू केला. श्रावणातला एक दिवस, शाळेचं सभागृह, केळीची पानं, बाहेर धो धो पाऊस. पहिल्या वर्षी पाककृतींची स्पर्धा होती. आम्ही गावातल्या बायका हौसेने उतरलो. टाकळ्याचे कबाब, कुरडूच्या वड्या, अळंबीचा पुलाव. मी भारंगीची कटलेटं केली आणि मला दुसरं बक्षीस मिळालं, झाकणाचा स्टीलचा डबा.

बक्षीस घेऊन बाहेर आले तेव्हा ज्या काकींकडून मी ती भारंगी घेतली होती त्या व्हरांड्याच्या पायरीवर, पावसाच्या झडीत, टोपलीवर प्लॅस्टिक पांघरून बसल्या होत्या. आत येण्याचं त्यांना कोणी सुचवलंच नव्हतं. त्या उठल्या, माझ्या हातातला डबा पाहून मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "पाणी पिळून टाकलंस मा? नायतर कडू लागता." तो डबा अजून माझ्या फडताळात आहे. त्यात मी काही भरलेलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही चौघी-पाचजणींनी हट्ट धरला आणि मेळ्याची मांडणी बदलली. स्पर्धा काढून टाकली. डोंगराकडच्या वाड्यांवरच्या बायका आत, टेबलांमागे बसल्या. पुढ्यात त्यांची भाजी, शेजारी तीच वनस्पती मुळासकट कुंडीत, म्हणजे लोकांना ओळख पटावी. त्या सांगतील तसं आम्ही रांधायचं. दर त्यांनीच ठरवायचा आणि त्यावर घासाघीस करायची नाही. एवढंच. पण त्या दिवशी सभागृहात जे ऐकायला मिळालं ते मी तोवर कुठेच ऐकलं नव्हतं, कारण आम्ही आजवर कढईपासून पुढचं तेवढं बोलत आलो होतो आणि ह्या बायका खुडण्यापासून सांगत होत्या.

टाकळ्याचंच घ्या. मिरगाच्या पहिल्या पावसानंतर रस्त्याच्या कडेलाही उगवतो, म्हणून त्याला कोणी विचारत नाही. संध्याकाळ झाली की पानं मिटून घेतो. कोवळा शेंडा तेवढाच खुडायचा, खालचं पान राठ असतं. शेंडा खुडला की बाजूला दोन फुटवे येतात, म्हणून आठ दिवसांनी त्याच जागी परत जायचं. पिवळं फूल धरलं की टाकळा संपला, मग तो बियांसाठी सोडायचा. हे सांगणाऱ्या आजींना एका शाळकरी मुलीने विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?" आजी जरा गोंधळल्या. असा प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नसावा. "सासूच्या मागसून जाय होतंय," त्या म्हणाल्या.

भारंगी उकळून, पाणी पिळून, लसणावर परतून, वर भरपूर ओलं खोबरं. तरी थोडा कडवटपणा राहतोच आणि तो राहायला हवा. खोकल्याच्या दिवसांत ती मुद्दाम खातात. बांबूचे कोंब चिरून पाण्यात ठेवायचे, दोन-तीन दिवस पाणी बदलत राहायचं आणि मग उकडून घ्यायचे. त्यात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, ते पाण्याबरोबर निघून जातं. काकींच्या भाषेत "त्येचो राग जावक व्हयो". फागलांचा वेल नर वेगळा आणि मादी वेगळी. फळ धरायला दोन्ही लागतात, म्हणून बिनफळाचा वेल दिसला तरी उपटायचा नाही. कंद जमिनीत राहिला की पुढच्या मिरगाला वेल आपणहून वर येतो.

अळंबीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. ही अळंबी वारुळाच्या जागी उगवते. वाळवी वारुळाच्या आत पालापाचोळा चावून त्यावर बुरशी वाढवते, ती तिची शेती. योग्य पाऊस झाला की त्याच बुरशीच्या छत्र्या जमिनीवर येतात. बाजारातल्या बटन मशरूमसारखी ती शेडमध्ये पिकवता येत नाही, कारण वाळवीशिवाय ती जगत नाही. म्हणून अळंबीची जागा हे घराण्याचं धन असतं. एक काकी म्हणाल्या, "वारूळ खंय आसा ता मी माझ्या झिलाकपण सांगूक नाय." शेजारची हसली, पण ह्या हसल्या नाहीत. मुलगा गोव्यात कामाला आहे. सुट्टीत मित्रांना घेऊन येतो, पहिल्या दिवशीच सगळ्या कळ्या मुळासकट काढतो, त्याला दम नाही. आणि थोड्या छत्र्या तशाच उमलू दिल्या नाहीत तर वारूळ "रुसता". हे सांगताना त्यांचा आवाज पडला होता. कोणाला सांगून ठेवायचं हा प्रश्न त्यांच्यापुढे खराच होता, आणि सभागृहात त्याला उत्तर देऊ शकेल असं कोणी नव्हतं. नवखी अळंबी ओळखीशिवाय कोणी खाऊ नये, तिच्यासारख्याच दिसणाऱ्या काही जाती विषारी असतात, हेही त्यांनी तीनदा बजावून सांगितलं.

भाज्यांबरोबर नाचणीची भाकरी होती. मेळ्यात खाणाऱ्यांनी सगळ्यात आधी संपवली ती हीच. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, तेव्हापासून शहरात नाचणीला मान आला. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हे आता डॉक्टरही सांगतात. मला त्या मानाचा आनंद आहे. पण ज्या उतारावर ती पिकायची तो उतार कोणी बघायला गेलं नाही. वरकस जमीन म्हणजे भाताला न चालणारी, डोंगरउताराची. तिथे एक वर्ष नाचणी, दुसऱ्या वर्षी वरी, मग तीळ किंवा कारळे किंवा हरीक, आणि नंतर काही वर्षं जमीन पडीक ठेवायची, तिला झोपू द्यायचं. पडीक वर्षांत तिथे रानभाज्या यायच्या. म्हणजे भाकरी आणि भाजी एकाच उताराने दिली, फक्त वेगवेगळ्या वर्षी. आता त्या उतारावर काजू आहे. दोडामार्गाकडे रबर आहे. काजूने घरं उभी केली, मुलांची शिक्षणं केली, मी त्याला नावं ठेवणार नाही. माझ्या सासऱ्यांचीही काजूची बाग आहे.

पण एका गोष्टीबद्दल मात्र बोलणार. बागेत तणनाशक मारतात. माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, सगळं खरं. चार वर्षांपूर्वी आमच्याच बागेत फवारणी झाली तेव्हा मी बांधावर उभी होते. आठ दिवसांनी सगळा उतार पिवळा पडला. जळलेल्या पाल्यात मी वाकून पाहिलं तर टाकळा, कुरडू, भारंगी. डब्यावर छापलेल्या भाषेत ते सगळं तण होतं. महिन्याभराने त्याच भाज्या मी मेळ्यात लोकांना "औषधी आहेत, खा" म्हणून वाढत होते. मला त्या दिवशी पानावर बसवलं नाही. घरी येऊन सासऱ्यांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, आणि आता आमच्याकडे बागेचा खालचा तुकडा कोयत्याने बेणतात. निदान तेवढा. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. आमच्या बागेचा उतार त्या यादीत असणार नाही, पण टाकळा तिथेही तोच असतो.

आमच्या सणांनी ह्या भाज्यांना घरातून पुरतं जाऊ दिलं नाही, हे मला मोठं वाटतं. गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेगलाची भाजी, आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होणारच. नागपंचमीला हळदीच्या पानातले पातोळे. गौर येते ती भाजी-भाकरीचा नैवेद्य खाते, माहेरवाशिणीने प्रवासातून आल्यावर खावं तसं साधं. आणि ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगर लागलेल्या जमिनीतलं काही नको. हाताने लावलेलं किंवा आपोआप उगवलेलं तेवढंच चालतं. माझ्या सासूबाई त्या दिवसाची भाजी गोळा करायला आठ दिवस आधीपासून लागायच्या. त्या म्हणायच्या, बैल वर्षभर आपल्यासाठी राबतो, एक दिवस आपण त्याच्याविना जगून दाखवायचं. आता आमच्या गावात बैलच थोडे उरले, पॉवर टिलर आले. सासूबाई गेल्या त्यालाही सहा वर्षं झाली. मी ती भाजी अजून करते, त्यांच्याच मोठ्या टोपात, आणि शेजारी चार घरी वाटते.

गेल्या आषाढात, मेळ्याच्या आधी, मी काकींबरोबर पहिल्यांदा वर गेले. पहाटेच्या एसटीने त्यांच्या वाडीच्या फाट्यापर्यंत, तिथून पायवाट. पायात चिखल, डोक्यावर इरलं नव्हे, प्लॅस्टिकची खोळ, कानाजवळ पावसाचा एकसारखा आवाज. काकींचं वय सत्तरीच्या आसपास असेल, पण त्या पुढे आणि मी मागे. दर थोड्या वेळाने त्या थांबायच्या. मला वाटायचं माझ्यासाठी थांबतात, पण त्या झाडं बघत असायच्या.

कुरडूपाशी मी भराभर खुडायला लागले. त्यांनी माझ्या हातावर हलकीशी चापट मारली. "ता ऱ्हवांदे." जे रोप मी धरलं होतं ते सगळ्यात जोमदार होतं. जोमदार रोप बियांसाठी ठेवायचं. मग प्रत्येक ठिकाणी त्या माझ्याकडे बघायच्या आणि मी आधी बोट दाखवायची, त्यांनी मान हलवली की खुडायची. सकाळभरात माझ्या तीनदा चुका झाल्या. तेऱ्याची पानं घेताना त्या मधलं गुंडाळलेलं पान कधीच तोडत नव्हत्या. एक झाड त्यांनी नुसतं हात लावून सोडून दिलं. का ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

टोपली अर्धी झाली आणि त्या वळल्या. समोरचा उतार हिरवागार, कोणी हात न लावलेला. मी म्हटलं, "काकी, तिकडे अजून पुष्कळ आहे."

"ता वरच्या वाडयेच्या बायलांचा," त्या म्हणाल्या.

कुंपण नव्हतं, पाटी नव्हती, त्या वाडीतली एकही बाई आसपास दिसत नव्हती.

ओहोळावर आम्ही भाजी धुतली. काकींनी केळीच्या सोपाने जुड्या बांधल्या, प्रत्येक जुडी हातात तोलून. मी बांधलेल्या दोन सुटल्या, त्या त्यांनी परत बांधल्या. दुपारच्या गाडीने खाली आलो तेव्हा पाऊस उघडला होता आणि पारावर सुक्या मासळीवाली बसली होती, माझ्या माहेरच्या बाजूची. काकी तिच्या शेजारी जाऊन टेकल्या. दोघींची जुनी ओळख असावी. काकींनी न बोलता तेऱ्याच्या दोन जुड्या तिच्या टोपलीत ठेवल्या. तिने ओंजळभर गोलमा कागदात बांधून काकींच्या टोपलीत टाकला. तराजू तिच्या पुढ्यातच होता, तो कोणी उचलला नाही.

मग काकींनी तिला विचारलं, "आंबाडे आसत मा घरात?"

"आंबाडे नाय गो," ती म्हणाली, "सोलां आसत."